ऊस नोंदीचं ॲप: फोन ‘४ मीटर’ म्हणतोय, तर खूण ओढ्याच्या पलीकडे का पडते?

बांधावरचा_कोडर

ऊस नोंदीचं अँड्रॉइड ॲप आहे. चिटबॉय (साखर कारखान्याचा ऊस नोंदणारा माणूस) प्लॉटच्या प्रत्येक कोपऱ्यावर उभा राहून बटण दाबतो, ॲप कोपरे जोडतं, क्षेत्र गुंठ्यात दाखवतं आणि नोंद सर्व्हरला जाते. करवीर, कागल, राधानगरी आणि गगनबावडा या चार तालुक्यांतल्या नोंदी आहेत. अडचणी तीन.

एक, तोच प्लॉट दोनदा मोजला की एकदा १८ गुंठे येतात, एकदा २१. दोन, काही नोंदींचा एखादा कोपरा थेट शेजारच्या गावात, किलोमीटर-दीड किलोमीटर लांब पडतो. तीन, स्क्रीनवर ‘अचूकता ४ मीटर’ असताना नकाशावर खूण ओढ्याच्या पलीकडे दिसते.

फ्यूज्ड लोकेशन प्रोव्हायडर (जीपीएस, वाय-फाय आणि टॉवर एकत्र करून जागा देणारी अँड्रॉइडची सोय), प्रायॉरिटी हाय ॲक्युरसी, दर सेकंदाला रीडिंग. बटण दाबलं की हाताशी असलेलं शेवटचं रीडिंग घेतो. क्षेत्र काढताना अंशांना १११.३२ ने गुणून किलोमीटर करतो. कुठं चुकतंय?

नकाशेवाला

तिसऱ्या अडचणीपासून सुरू करतो, बाकीच्या दोन तिच्यावर उभ्या आहेत.

अँड्रॉइडमध्ये गेट-ॲक्युरसी जो आकडा देतं ती चुकीची कमाल मर्यादा नव्हे. मिळालेल्या बिंदूभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे १०० कोपऱ्यांपैकी ३२ कोपरे वर्तुळाबाहेर असणं हे ठरल्याप्रमाणेच आहे, बिघाड नाही. ९५ टक्के खात्री हवी असेल तर चुका सगळ्या दिशांना सारख्या पसरल्यात असं धरून त्रिज्येला साधारण १.६ ने गुणायचं. ४ मीटरचे साडेसहा झाले. ओढा तेवढ्या रुंदीचा असेल तर खूण पलीकडे जाणारच.

त्यात हा आकडा फोनचा स्वतःचाच अंदाज आहे. कोणत्या सॅटेलाइटचा सिग्नल सरळ आला आणि कोणता पत्र्यावर आपटून आला, हे चिपला प्रत्येक वेळी ओळखता येत नाही. आपटून आलेला सिग्नल तिला खरा वाटला तर ती चुकीच्या जागेला ‘४ मीटर’ लावून मोकळी होते.

कोडमध्ये एक गोष्ट आजच बघा. रीडिंगला ॲक्युरसीच नसेल तर गेट-ॲक्युरसी ० देतं. ‘६ पेक्षा कमी असेल तर घे’ अशी अट लिहिली असेल तर हे शून्य सगळ्यात चांगलं रीडिंग म्हणून आत जाईल. आधी हॅज-ॲक्युरसी तपासा. पुढे आयफोनसाठी ॲप करणार असाल तर तिथं हॉरिझॉन्टल ॲक्युरसी ऋण आली की ते रीडिंग टाकून द्यायचं, त्याचे अक्षांश-रेखांश निकामी असतात.

आणि खूण ओढ्याच्या पलीकडे दिसते तेव्हा नकाशावरही संशय घ्या. सॅटेलाइटचा फोटो जमिनीवर बसवतानाच काही मीटर सरकलेला असू शकतो. गावातल्या एखाद्या मोकळ्या चौकात, जिथं दोन रस्त्यांचे कोपरे फोटोत स्पष्ट दिसतात, तिथं उभं राहून वेगवेगळ्या दिवशी रीडिंग घ्या. सगळ्या खुणा एकाच दिशेला सरकलेल्या दिसल्या तर दोष फोटोचा. चारी बाजूंना विखुरल्या तर फोनचा.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

दुसरी अडचण जवळपास नक्की परवानगीची आहे. अँड्रॉइड १२ पासून परवानगीच्या खिडकीत ‘अचूक’ आणि ‘अंदाजे’ असे दोन पर्याय येतात. वापरणाऱ्यानं ‘अंदाजे’ निवडलं की तुम्ही हाय ॲक्युरसी मागा नाहीतर काहीही मागा, सिस्टीम जागा मुद्दाम धूसर करूनच देते. गूगलच्या कागदपत्रांत ही धूसर जागा सुमारे ३ चौरस किलोमीटरची सांगितली आहे. शेजारचं गाव त्यात आरामात बसतं.

असं करा. मॅनिफेस्टमध्ये (ॲपला काय लागतं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) कोर्स म्हणजे अंदाजे आणि फाइन म्हणजे अचूक अशा दोन्ही परवानग्या लिहा आणि दोन्ही एकदमच मागा. अँड्रॉइड १२ वर एकटी फाइन मागितली तर काही आवृत्त्या ती विनंती धरतच नाहीत. उत्तर आल्यावर ‘परवानगी मिळाली’ एवढ्यावर थांबू नका, फाइन मिळाली का ते वेगळं बघा. फक्त कोर्स असेल तर कोपऱ्याचं बटण बंद ठेवा आणि मराठीत लिहा: ‘प्लॉट मोजायला अचूक लोकेशन लागतं. सेटिंगमध्ये जाऊन “अचूक लोकेशन वापरा” सुरू करा.’ शिवाय हे बटण मधेच बंद करता येतं, म्हणून ॲप उघडताना एकदा तपासून भागत नाही. प्रत्येक प्लॉटच्या सुरुवातीला तपासा.

आयफोनवर हीच सोय आयओएस १४ पासून आहे. तिथं ॲक्युरसी ऑथरायझेशन ‘रिड्यूस्ड’ आलं तर त्या कामापुरती पूर्ण अचूकता मागता येते, पण कारणाचं वाक्य इन्फो-प्लिस्ट या ॲपच्या फाइलमध्ये आधीच लिहून ठेवावं लागतं.

दुसरा संशयित म्हणजे ‘हाताशी असलेलं शेवटचं रीडिंग’. ते दहा मिनिटांपूर्वीचं, चिटबॉय गाडीवर असतानाचंही असू शकतं. लास्ट-लोकेशन कोपऱ्यासाठी वापरूच नका. रीडिंगचं वय काढताना एलॅप्स्ड-रिअलटाइम-नॅनोज (फोन सुरू झाल्यापासूनचा वेळ) वापरा, घड्याळाची वेळ नको, कारण फोनचं घड्याळ मागंपुढं केलेलं असतं. दोन सेकंदांपेक्षा जुनं असेल तर टाका. विनंती बांधताना वेट-फॉर-ॲक्युरेट-लोकेशन चालू ठेवा, म्हणजे सुरुवातीची टॉवरवरून आलेली ढोबळ रीडिंगं लगेच अंगावर येत नाहीत.

बांधावरचा_कोडर

ताई, धन्यवाद. सर्व्हरवर बघितलं. लांब पडलेल्या कोपऱ्यांची ॲक्युरसी २००० च्या आसपास आहे. आपण साठवत होतो, पण तपासत नव्हतो. गगनबावड्याकडं नेट नसतं, तिथं जीपीएस बंद पडतं का?

पन्हाळा_पायथा

नाही भावा. जीपीएस फक्त ऐकतं, त्याला नेट लागत नाही. नेट लागतं ते लवकर सुरू व्हायला. प्रत्येक सॅटेलाइट आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीनं पाठवतो. एक पूर्ण चौकट यायला ३० सेकंद लागतात आणि त्यात सिग्नल तुटला की तो भाग परत येईपर्यंत थांबावं लागतं. नेट असलं की फोन हीच माहिती सर्व्हरवरून क्षणात उतरवून घेतो. म्हणून घाटाकडं जाताना, गावातलं नेट सुटायच्या आधी ॲप उघडून एक रीडिंग घ्यायला सांगा. कक्षेची माहिती साधारण चार तास चालते. नाहीतर शेतावर पहिल्या कोपऱ्याला उघड्यावर दोन-तीन मिनिटं थांबायची तयारी ठेवायची. उसात उभं राहून नाही.

आता उसाबद्दल. पावसानं जीपीएस बिघडतं हा गैरसमज आहे. जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झला पावसाच्या थेंबांचा अडथळा नगण्य असतो. अडथळा आहे तो ओल्या पानांचा. दहा-बारा फुटी उसाच्या सरीत, पाला भिजलेला असताना सिग्नल खूप पडतो. उघड्यावर ४० ते ४५ डेसिबल-हर्ट्झ (सिग्नलच्या जोराचं माप) दिसणारा सॅटेलाइट पंचविशीत येतो. जीपीएसटेस्ट नावाचं मोफत ॲप फोनवर घालून हे आकडे डोळ्यांनी बघा: बांधावर उभं राहा, मग चार सऱ्या आत जा. पट्ट्या कशा खाली येतात ते एकदा बघितलं की चिटबॉयला वेगळं समजवावं लागत नाही.

माणसाचं अंगही सिग्नल अडवतं. फोन पोटाजवळ धरून उसाकडं तोंड केलं तर मागचं अर्धं आकाश अंगानं झाकलं आणि पुढचं उसानं. कोपऱ्यावर फोन डोक्याच्या वर, आडवा न धरता उभा धरायचा, वरच्या कडेवर बोटं नकोत.

फोन विकत घ्यायचे असतील तर दोन फ्रिक्वेन्सीचे घ्या, म्हणजे एल१ (वर सांगितलेली १५७५.४२) सोबत एल५ ही दुसरी फ्रिक्वेन्सी असलेले. अशी चिप असलेला पहिला फोन २०१८ साली बाजारात आला आणि आता मधल्या किमतीतही मिळतात. फायदा आकड्यात सांगतो. एल१ च्या कोडची एक ‘चिप’ (फोनमधली नव्हे, सिग्नलच्या कोडचा एक तुकडा) सुमारे २९३ मीटर लांब, एल५ ची सुमारे २९ मीटर. मापपट्टीचे भाग दहापट बारीक झाल्यावर पत्र्यावर, भिंतीवर आपटून आलेला उशिराचा सिग्नल सरळ सिग्नलपासून वेगळा काढणं सोपं जातं. इस्रोच्या नाविकचे (भारताच्या स्वतःच्या जीपीएससारख्या यंत्रणेचे) सॅटेलाइटही एल५ वर बोलतात, त्यामुळं आपल्याकडं आणखी थोडी भर पडते. पण फोनच्या जाहिरातीवर विसंबू नका, जीपीएसटेस्टमध्ये एल५ च्या ओळी खरोखर येतात का ते बघूनच घ्या.

अजून एक. आपण ज्या अक्षांशावर आहोत तिथं सूर्यास्तानंतर आयनांबरात (वरच्या वातावरणातल्या विद्युतभारित थरात) उलथापालथ होते, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जास्त. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं जे केंद्र आहे, तिथं वरच्या वातावरणाचाच अभ्यास चालतो. एल१ वरच्या स्वस्त फोनला अशा संध्याकाळी सिग्नल थरथरताना दिसतात. दिवे लागल्यावर क्षेत्र मोजू नये एवढा नियम पुरेसा आहे.

गुंठा_गणित

पहिली अडचण, १८ आणि २१ गुंठे. यात तीन वेगळ्या चुका एकत्र झाल्यात आणि त्यातली एक निव्वळ कोडची आहे.

कोडची आधी. अक्षांश आणि रेखांश दोन्हींना १११.३२ नं गुणताय. कोल्हापूर १६.७ अंशांवर आहे. इथं अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.६७ किलोमीटर आणि रेखांशाचा एक अंश सुमारे १०६.६५ किलोमीटर. दोन्हींना १११.३२ लावलं की क्षेत्र ५ टक्के फुगतं. म्हणजे प्रत्येक २० गुंठ्याला १ गुंठा हवेतला. कुणी थेट वेब मर्केटरमध्ये (वेबवरच्या नकाशांच्या सपाट पद्धतीत) क्षेत्र काढत असेल तर त्याहून वाईट, इथं ते सुमारे साडेनऊ टक्के फुगतं, २० चे जवळजवळ २२ गुंठे. बिंदू यूटीएमच्या (मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या) ४३ उत्तर पट्ट्यात न्या, त्याचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३, आणि मग क्षेत्र काढा. हे सुधारल्यावर तुमचे दोन्ही आकडे खाली येतील, त्यांच्यातला फरक मात्र राहील.

तो फरक मोजणीचा. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, १०१.१७ चौरस मीटर. एका गुंठ्याची बाजूच १० मीटर. त्यात ५ मीटर ॲक्युरसी म्हणजे बाजूच्या निम्मी. आता चौरस धरलेला २० गुंठ्याचा प्लॉट घ्या: २०२३ चौरस मीटर, बाजू ४५ मीटर, कर्ण सुमारे ६३.६ मीटर. ॲक्युरसी ५ असेल तर पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशी प्रत्येक दिशेतली चूक साधारण ३.३ मीटर. चारही कोपऱ्यांच्या चुका एकमेकींशी संबंध नसलेल्या धरल्या तर चौरसाच्या क्षेत्रातली चूक म्हणजे कर्ण गुणिले ही चूक: ६३.६ × ३.३ = २१० चौरस मीटर. दोन गुंठे. तुमचे १८ आणि २१ त्यातच बसतात.

प्लॉट मोठा झाला की टक्का कमी होतो. एका एकराला कर्ण ९० मीटर, चूक सुमारे ३ गुंठे, ४० मध्ये ती साडेसात टक्क्यांच्या आत. १० गुंठ्याच्या तुकड्याला मात्र दीड गुंठा, म्हणजे १५ टक्के. म्हणून ‘आमचं ॲप ९५ टक्के अचूक’ असं एकच वाक्य सगळ्या प्लॉटना लावता येत नाही.

दिलासा देणारी बाजूही आहे. पाच मिनिटांत चारी कोपरे घेतले तर चुकीचा बराच भाग सगळ्या कोपऱ्यांना सारखाच असतो, कारण सॅटेलाइट तेच आणि वरचं आयनांबर तेच. पूर्ण प्लॉट उचलून दोन मीटर पूर्वेला ठेवला तर क्षेत्र बदलत नाही. म्हणून कोपरे सलग घ्या, मधे चहाला थांबून अर्ध्या तासानं उरलेले दोन घेऊ नका. एका कोपऱ्याला झाड आणि दुसऱ्याला मोकळं रान असेल तर मात्र त्या चुका वेगवेगळ्याच राहणार.

तिसरी चूक चालण्याची, आणि ती कुठलाही महाग फोन सुधारत नाही. बांधावर गवत-काटेरी आहे म्हणून चिटबॉय एक मीटर आतून फिरला तर ४५ मीटरच्या चौरसाचा ४३ मीटरचा होतो. १७६ चौरस मीटर गेले, पावणेदोन गुंठे. बाहेरून फिरला तर तेवढेच वाढले. शेतकरी आणि कारखाना यांच्यात वाद होतो तो बहुतेक या एका मीटरचा. कोपरा म्हणजे बांधाचा मध्य की उसाची शेवटची सरी, हे आधी लिहून ठरवा आणि ॲपच्या पहिल्या पानावर चित्रानं दाखवा.

नकाशेवाला

गणित पटलं. यात भर घालतो ती कोपरा घ्यायच्या पद्धतीची.

बटण दाबल्यावर एकच रीडिंग नको. ३० सेकंद उभं राहायचं. पहिली ५ सेकंदं टाका, कारण चालताना फ्यूज्ड प्रोव्हायडर हालचाल गुळगुळीत करतो आणि थांबल्यावर बिंदू थोडा उशिरा जागेवर येतो. उरलेल्यांतली ६ मीटरपर्यंतची रीडिंगं ठेवा आणि अक्षांश-रेखांशांचा वेगवेगळा मध्यक (क्रमानं लावल्यावर बरोबर मधे येणारा आकडा) घ्या. सरासरी नको, एखादं उडालेलं रीडिंग तिला ओढून नेतं. पण ३० रीडिंगं घेतली म्हणून चूक पाचपट कमी झाली असं समजू नका. लागोपाठच्या सेकंदांच्या चुका सख्ख्या बहिणी आहेत, एक पूर्वेला गेली की दुसरी तिच्या मागं जाते. थांबण्याचा खरा फायदा म्हणजे उडालेली रीडिंगं गळतात.

मग सगळ्यात उपयोगी गोष्ट: शेवटी पहिल्या कोपऱ्यावर परत यायचं आणि तो पुन्हा घ्यायचा. दोन्हींतलं अंतर म्हणजे त्या दिवशी, त्या फोनवर, त्या शेतात प्रत्यक्ष दिसलेली चूक. फोनच्या ‘४ मीटर’पेक्षा या आकड्यावर माझा जास्त विश्वास आहे. ३ मीटरच्या आत आलं तर नोंद घ्या, जास्त आलं तर फेरी परत. शंका आली तर एक बाजू ३० मीटरच्या टेपनं मोजा, पाच मिनिटांचं काम आहे.

कोपऱ्यांचा क्रमही तपासा. तिसरा आणि चौथा उलटसुलट झाला की चौकोनाचा डमरू होतो आणि सूत्र दोन त्रिकोण एकमेकांतून वजा करून भलताच लहान आकडा देतं. बाजू एकमेकींना छेदतात का हे बघणारी चार ओळींची तपासणी टाका.

रंकाळा_टॉवर

सर्व्हरच्या बाजूनं दोन गोष्टी. जिओजेसनमध्ये (नकाशाचे बिंदू साठवायच्या फाइल-प्रकारात) आधी रेखांश, मग अक्षांश. बऱ्याच नकाशा लायब्ररींमध्ये उलट. अदलाबदल झाली तर कोल्हापूरचा प्लॉट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो. अक्षांश १५.५ ते १७.५ आणि रेखांश ७३.५ ते ७५ या चौकटीबाहेरचा बिंदू आत घेऊच नका.

दुसरं, डेटाबेसमध्ये रेखांश सिंगल फ्लोटमध्ये (कमी अंक मावणाऱ्या प्रकारात) ठेवू नका. ७४ च्या आसपास त्याची सगळ्यात लहान पायरीच पाऊण मीटरहून मोठी असते. डबल ठेवा.

कागल_नाका

बनावट लोकेशनचं काय? घरी बसून प्लॉट नोंदवायचे प्रकार होतात.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

रीडिंग बनावट आहे का ते अँड्रॉइड १२ पासून इज-मॉक सांगतं, त्याआधीच्यांना इज-फ्रॉम-मॉक-प्रोव्हायडर. यावर सगळा भरवसा ठेवू नका, रूट केलेल्या (सिस्टीमची कुलपं काढलेल्या) फोनवर हे लपवता येतं. खऱ्या रीडिंगची एक खूण असते, ते थरथरतं. ३० सेकंद उभं राहून अक्षांशाचा सातवा दशांशही हलला नाही तर तो माणूस शेतात नाही. म्हणून मध्यकासोबत मूळ ३० रीडिंगंही सर्व्हरला पाठवा. प्लॉटमागं काही केबी जातात, फार नाही. पण एवढ्यावरून कुणावर थेट ठपका ठेवू नका, ती नोंद फेरतपासणीला लावा. काही फोन थांबलेल्या माणसाचा बिंदू स्वतःच गोठवतात.

कागल_नाका

आणि ट्रॅक्टर कारखान्याच्या वजनकाट्यावर आला की आपोआप नोंद व्हावी म्हणून जिओफेन्स (नकाशावर आखलेलं कुंपण) लावला तर?

पन्हाळा_पायथा

लागतो, पण त्रिज्या १०० ते १५० मीटरच्या खाली नेऊ नका. सूचनेला दोन-तीन मिनिटं उशीर धरून चला, फोन बराच वेळ एका जागी असला तर त्याहून जास्त. काट्यावरची रांग बाहेर रस्त्यापर्यंत येते, म्हणून ‘आत आला’पेक्षा ‘आत थांबला’ हा प्रकार निवडा. रस्त्यानं नुसते पुढं जाणारे ट्रॅक्टर त्यात गळतात. नंबर लावायचं काम यावर सोपवू नका, त्याला काट्यावरचा माणूसच हवा.

बांधावरचा_कोडर

३२६४३ लावून जुन्या नोंदी परत काढल्या. क्षेत्र सगळीकडं सुमारे ५ टक्क्यांनी उतरलं, गुंठा_गणित यांनी सांगितलं तेवढंच. ३० सेकंदांची पद्धत आणि पहिला कोपरा पुन्हा घेणं पुढच्या आवृत्तीत जातंय. स्क्रीनवर आता ‘२०.३७ गुंठे’ऐवजी ‘२० गुंठे, दोन कमी-जास्त’ असं दाखवायचं ठरवलंय. शेतकऱ्याला हे चालेल का, अशी शंका आहे.

गुंठा_गणित

चालेल, आणि तेच दाखवा. दोन दशांश दिले की तो आकडा सरकारी मोजणीसारखा वाटतो. भूमी अभिलेखची मोजणी रोव्हरनं (मोजणीच्या खास जीपीएस यंत्रानं), सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स या कायमच्या केंद्रांच्या जाळ्याला जोडून सेंटिमीटरमध्ये होते. आपला आकडा उसाच्या अंदाजासाठी आहे, हद्दीच्या वादासाठी नाही. पावतीवर तसं स्पष्ट छापा आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र शेजारीच दाखवा. फरक १५ टक्क्यांच्या वर गेला की फेरमोजणी, मग प्लॉट कुणाचाही असो.

रंकाळा_टॉवर

उंची साठवत असाल तर एक बघून घ्या. अँड्रॉइडचं गेट-अल्टिट्यूड समुद्रसपाटीपासूनची उंची देत नाही, डब्ल्यूजीएस ८४ च्या लंबगोलापासूनची (जीपीएसनं पृथ्वीसाठी धरलेल्या गणिती आकारापासूनची) देतं. आपल्या भागात ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठहून अधिक मीटरनं कमी दिसते. अँड्रॉइड १४ पासून समुद्रसपाटीची उंची वेगळी काढून मिळते. जुन्या फोनवरच्या नोंदी त्यात मिसळू नका, कोणती उंची आहे हे सांगणारा एक रकाना ठेवा.